पगार पुण्यात, गाळा वऱ्हाडात!

हायवे झाला, विमान उतरलं, टेक्स्टाइल पार्कची पायाभरणीही झाली. अमरावती-अकोल्यात कमर्शियल जागा घेण्याचा विचार करताय? मग सही करण्याआधी हे वाचाच.

दिवाळीला गावी गेलं की वऱ्हाडातल्या प्रत्येक आयटीवाल्या मुलाला किंवा मुलीला एक डायलॉग ऐकावा लागतो. फराळाची प्लेट हातात देता देता मामा सुरू होतात, "काय करतं रे बाबू त्या पुण्यात फ्लॅट घेऊन? त्याच पैशात अमरावतीले दोन गाळे येतात. भाडं खात बस ना!"

पाच-सात वर्षांपूर्वी आपण हसून विषय बदलायचो. आता तसं होत नाही. हिंजवडीतल्या टू बीएचकेचा आकडा ऐकून घाम फुटतो आणि मामांच्या बोलण्यात लॉजिक दिसायला लागतं. शिवाय गावाकडे आपलं काहीतरी असावं, हे मनात असतंच. पण मामांचं म्हणणं खरं किती आणि हवा किती? जरा हिशेब मांडून बघूया.

हवा कशामुळे झाली?

सुरुवात रस्त्यापासून करू. अमरावती-अकोला रस्त्याने ज्यांनी २०२० च्या आधी प्रवास केलाय, त्यांच्या कंबरेला ती आठवण अजून असेल. चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलेलं, खड्डे आणि धुळीचा नुसता धुमाकूळ! मग जून २०२२ मध्ये याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत उरकलं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रेकॉर्डचं कौतुक जगाला, रस्त्याचं सुख वऱ्हाडाला! दोन शहरांमधलं शंभरेक किलोमीटरचं अंतर एका दिवसात जाऊन-येऊन करण्यासारखं झालं.

दुसरा धक्का समृद्धीचा. ७०१ किलोमीटरचा हा महामार्ग डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. तो अमरावती जिल्ह्यातून, धामणगाव, चांदूर रेल्वे, नांदगाव खंडेश्वर तालुक्यांतून जातो. अकोला जिल्ह्याला मात्र तो शिवतही नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तिसरी गोष्ट विमानाची. १६ एप्रिल २०२५ ला बेलोऱ्याच्या धावपट्टीवर मुंबईचं पहिलं प्रवासी विमान उतरलं. अलायन्स एअरचं छोटं एटीआर, तेही सुरुवातीला आठवड्यातून तीनच दिवस. पण अमरावतीकरांना आभाळ ठेंगणं झालं. अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी वाढवण्याची चर्चा तर कित्येक निवडणुका पाहून झाली.

आणि सगळ्यात मोठी बातमी म्हणजे पीएम मित्र पार्क. केंद्राने देशात अशी सात टेक्स्टाइल पार्क जाहीर केली, त्यातलं महाराष्ट्राच्या वाट्याचं एकमेव पार्क अमरावतीला मिळालं. नांदगाव पेठच्या एमआयडीसी पट्ट्यात साधारण हजार एकरांवर ते उभं राहायचंय. पंतप्रधानांनी २० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्याच्या कार्यक्रमातून त्याची पायाभरणी केली.

सरकारी दरांनीही ही हवा ओळखली. तीन वर्षं न हललेले रेडी रेकनर १ एप्रिल २०२५ ला वाढले, तेव्हा अमरावती महापालिका क्षेत्रात ८.०३ टक्के आणि अकोल्यात ७.३९ टक्के वाढ झाली. पुण्यात ती ४.१६ टक्के होती. म्हणजे टक्केवारीत आपल्या अमरावतीने चक्क पुण्याला मागे टाकलं! अर्थात, रेकनर वाढला म्हणून तुमचं भाडं वाढत नाही. वाढते ती स्टॅम्प ड्युटी.

अमरावती: कापडाचं गणित

अमरावतीचा कमर्शियल बाजार समजून घ्यायचा तर राजकमल चौकात नाही, नागपूर रोडवर जा. सिटीलँड, बिझीलँड, ड्रीमलँड ही नावं अमरावतीकराला सांगावी लागत नाहीत. शहरातल्या गजबजलेल्या पेठेत, जिथे ट्रक उभा करायची मारामार, तिथला होलसेल कापडाचा धंदा उचलून व्यापाऱ्यांनी तो हायवेवर नेला. आजूबाजूच्या जिल्ह्यांतले आणि मध्य प्रदेशच्या सीमेवरचे छोटे दुकानदार इथून माल भरतात. लग्नसराईत तर पाय ठेवायला जागा नसते.

या मार्केटचा धडा साधा आहे. इथे आधी धंदा होता, मग गाळे झाले. व्यापाऱ्यांना जागा हवी होती, ट्रकला रस्ता हवा होता, दोन्ही मिळालं. उलट क्रमाने, म्हणजे आधी गाळे बांधू, धंदा येईल आपोआप, असा विचार करून उभी राहिलेली कॉम्प्लेक्स कुठल्याही मध्यम शहरात बघा. तळमजला जेमतेम चालतो, पहिल्या मजल्यावर एखादा एलआयसी एजंट आणि वर नुसती कबुतरं!

अमरावतीचा दुसरा आधार म्हणजे सरकार. पाच जिल्ह्यांच्या विभागाचं मुख्यालय इथे, १९८३ पासूनचं विद्यापीठ इथे. पगारदार माणसांचं हे शहर. त्यामुळे राजापेठ, बडनेरा रोड, पंचवटी, गाडगेनगर या पट्ट्यांत शोरूम, बँका, कॅफे, जिम चालतात. महिन्याच्या एक तारखेला पैसा येतो आणि तो खर्चही होतो.

पण मित्र पार्कच्या नावाने नांदगाव पेठेच्या आसपास आज गाळा किंवा प्लॉट घेणाऱ्याने जरा दमाने घ्यावं. पार्कात कारखाने उभे राहणं, कामगार येणं, त्यांना चहा-किराणा-मोबाइल रिचार्ज लागणं, यात वर्षं जातात. याच पट्ट्याने १,३५० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प उभा राहताना पाहिलाय. बांधकाम चालू असताना हजारो हात लागतात. प्रकल्प सुरू झाला की ते हात पुढच्या साइटवर निघून जातात. भाडं द्यायला कायमची माणसं लागतात, बॉस!

अकोला: डॉक्टर, क्लास आणि डाळ

अकोल्याचा स्वभाव वेगळा. हे मूळचं व्यापाऱ्यांचं गाव. कापूस तर आहेच, पण एमआयडीसीतल्या डाळ मिलही आहेत. तुरीचा भाव काय, हे विचारताना देशभरातले व्यापारी अकोल्याचं नाव घेतातच. रेल्वेचं जंक्शन, हायवे ५३ आणि नांदेडकडे जाणारा हायवे १६१ एकाच ठिकाणी भेटतात.

गेल्या दोन दशकांत अकोल्याने आणखी दोन धंदे कमावले: दवाखाने आणि क्लासेस. वाशीम-बुलडाण्याचा पेशंट नागपूरच्या आधी अकोल्याला येतो. रामदासपेठेत फिरा, एका नजरेत मावणार नाहीत इतक्या पाट्या दिसतील. आणि दहावीनंतर मुलाला डॉक्टर करायचं ठरलं की आजूबाजूच्या तालुक्यांतले आईबाप खोली शोधायला तोष्णीवाल लेआउट गाठतात. क्लास आला की मेस आली, झेरॉक्स आलं, अभ्यासिका आली, चहा-पोहे आले. इथे पहिल्या-दुसऱ्या मजल्यालाही भाडेकरू मिळतो, कारण पोरांना शोकेस लागत नाही.

म्हणजे समृद्धी नाही, विमान नाही, तरी अकोल्याचा भाडेकरू पक्का! हेडलाइन अमरावतीकडे आणि महिन्याचा चेक अकोल्याकडे, असंही होऊ शकतं. एक धोका मात्र आहेच. एखाद्या मोठ्या क्लासने गाशा गुंडाळला किंवा परीक्षेची पद्धत बदलली, तर पूर्ण गल्ली एकदम रिकामी होते.

आता पाटी-पेन्सिल घ्या

समजा, ४० लाखांचा रेडी गाळा घेतला. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीचे पावणेतीन लाखांच्या घरात जातील. शटर, वायरिंग धरून ४३ लाख झाले. (बांधकाम चालू असलेल्या निव्वळ कमर्शियल प्रोजेक्टमध्ये वर १२ टक्के जीएसटी असतो, तो इथे धरलेला नाही.) भाडं मिळालं महिन्याला १८ हजार, म्हणजे वर्षाचे २ लाख १६ हजार. झाले ५ टक्के. त्यातून मालमत्ता कर आणि मेन्टेनन्सचे २५ हजार काढा. भाडेकरू बदलताना एक महिना जागा रिकामी राहिली, ते १८ हजार काढा. उरले १ लाख ७३ हजार. म्हणजे जेमतेम ४ टक्के!

आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गाळ्याचे तुम्ही भरा. पण गणिताची रीत हीच. आता याच गाळ्यासाठी २५ लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी काढलं, तर वर्षाचं नुसतं व्याज अडीच लाख. भाडं खाण्याऐवजी दरमहा पगारातून भाडेकरूला पोसायची वेळ! शिवाय कमर्शियल जागेला बँक घराएवढं कर्ज देत नाही आणि व्याजही सहसा जास्त लावते.

मग लोक घेतात कशाला? भाव वाढेल म्हणून. तो वाढेलही. पण तुमचा सगळा फायदा भाववाढीवरच टांगलेला असेल, तर ती भाड्याची इन्कम नसून सट्टा आहे. आणि सट्टाच असेल तर विकायला गिऱ्हाईक लागतं. पुण्यात फ्लॅट विकायला महिने लागतात, इथे दुसऱ्या मजल्यावरचा गाळा विकायला वर्षं जाऊ शकतात.

शेवटी सगळं शेतावर येतं

वऱ्हाडाला बूम नवी नाही. १८६१ ते ६५ च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं आणि भाव धाडकन खाली आले. पुढे जिनिंग-प्रेसिंगनी शहरं वाढवली, मग मिलचे भोंगे बंद पडले.

आजही इथल्या दुकानाचा गल्ला पावसावर आणि भावावर चालतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, बाजारात मात्र चार हजारांच्या आसपास विकावं लागलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत माफ केलं. अशा बातम्या पुण्याच्या ऑफिसात कुणी वाचत नाही. पण तुमचा भाडेकरू मोटारसायकलची शोरूम चालवत असेल, तर त्याच्यासाठी आणि म्हणून तुमच्यासाठीही हीच पहिल्या पानाची बातमी असते.

ब्रँड बघून भुलू नका, हेही सांगायला हवं. मोठं नाव भाडेकरू असलं की मालक निर्धास्त होतो. बिग बझारइतकं मोठं नाव तर छोट्या शहरांत दुसरं नव्हतं! पण फ्युचर ग्रुपचं भाडं थकलं, २०२२ च्या फेब्रुवारीपासून रिलायन्सने दुकानं ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि २०२४ मध्ये फ्युचर रिटेल लिक्विडेशनमध्ये गेली. एकाच भाडेकरूवर मजलाच्या मजला देणाऱ्यांना हे जमलं तर नीट वाचायला सांगा.

सही करण्याआधी

- ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड आणि आठपेक्षा जास्त युनिट असतील, तर कमर्शियल प्रोजेक्टलाही महारेराची नोंदणी लागते. नंबर मागा, साइटवर टाकून बघा.
- जागा एनए आहे का आणि वापर कमर्शियलच मंजूर आहे का? हायवेलगतचा 'पुढे होऊन जाईल' प्लॉट घेऊ नका.
- दर कार्पेटवर विचारा. सुपर बिल्ट-अपच्या हिशेबात जिनाही तुम्हीच विकत घेता.
- भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्रात ही जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. 'आपलाच माणूस आहे' हे वाक्य कोर्टात चालत नाही.
- संध्याकाळी सात वाजता त्या रस्त्यावर जाऊन उभे राहा. किती शटर उघडी आहेत ते मोजा. शेजारच्या तीन दुकानदारांना भाडं विचारा. ब्रोकरपेक्षा खरं तेच सांगतील.
- भाड्याचा रोजचा व्याप कोण बघणार? उत्तर 'बाबा' असेल, तर बाबांना आधी विचारा.

मग घ्यायचा की नाही?

कर्ज न काढता किंवा थोडंच काढून, तळमजल्याचा, चालत्या रस्त्यावरचा, आधीच भाडेकरू असलेला गाळा मिळत असेल आणि घरचं कुणी तिथे लक्ष द्यायला असेल, तर जरूर विचार करा. पण पुण्यात स्वतःचं घर नाही, नोकरीला तीन वर्षं झालीत आणि बाबांनी शेताचा तुकडा विकून आलेले पैसे पुढे केलेत, अशी परिस्थिती असेल तर थांबा. शेत विकून घेतलेला गाळा रिकामा राहिला, तर परत शेत घेता येत नाही.

कमर्शियल जागेचं भाडंच हवं असेल, तर शेअर बाजारात लिस्टेड रीट आहेत. भारतात पहिला २०१९ मध्ये आला. त्याचं एक युनिटसुद्धा घेता येतं आणि नको झालं की मोबाइलवर विकता येतं. त्याचाही भाव खाली-वर होतो, गॅरंटी तिथेही नाही. आणि मामांना रीट दाखवून इम्प्रेस करता येत नाही, हे मान्य!

मामांना सांगायचं तर एवढंच सांगा: "गाळा घेतो मामा, पण भाडेकरू तुम्ही आणा. आधी करार, मग बयाणा." त्यांनी खरंच भाडेकरू आणला, तर तो गाळा घेण्यासारखा आहे.