रासायनिक पदार्थ आणि त्यांच्या धोक्याची माहिती

भोर तालुक्यातील कामथडी हे गाव पुणे–सातारा महामार्गाच्या परिसरात वसले आहे. या मार्गाने जाणाऱ्या पेट्रोलच्या टँकरवर ‘१२०३’ हा अंक आढळतो. संयुक्त राष्ट्रांच्या यादीतील पेट्रोलचा तो क्रमांक होय. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी असा माहितीफलक वाहनावर तीन ठिकाणी आवश्यक ठरविला. टँकर उलटून चालक बेशुद्ध झाला, तरी आतील द्रव्य इतरांस ओळखता यावे, हा त्यामागील हेतू. पदार्थ जेथे जाईल तेथे त्याची माहितीही गेली पाहिजे, हे रासायनिक सुरक्षिततेचे मूलतत्त्व या फलकात सामावलेले आहे.

भोपाळच्या १९८४ मधील दुर्घटनेनंतर आपल्या कायद्याने हे तत्त्व कारखान्यांस अधिक काटेकोरपणे लागू केले. १९८७ च्या दुरुस्तीने कामगारांस धोक्याची माहिती देणे बंधनकारक झाले. १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनी सुरक्षितता-माहितीपत्रक व पात्रावरील लेबल ही दोन्ही आवश्यक केली. संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत या पत्रकाचे १६ विभाग आहेत. त्यांपैकी दुसरा धोक्याचे स्वरूप, चौथा प्रथमोपचार, सातवा हाताळणी व साठवण आणि आठवा संरक्षक साधने सांगतो. निदान हे चार विभाग कामापूर्वी वाचलेच पाहिजेत.

तथापि केवळ पत्रक असून भागत नाही. माहितीची साखळी बहुधा तुटते ती पात्र बदलताना. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी डब्यावर विषाच्या तीव्रतेनुसार तांबडा, पिवळा, निळा व हिरवा असे रंग नेमून दिले. प्रादेशिक भाषेतील सूचनाही आवश्यक केल्या. असे असूनही २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. या घटनेची कारणे अनेक आहेत. परंतु एक गोष्ट विचारार्ह आहे. औषध पंपात ओतले की लेबल बांधावरच्या डब्यावर राहते. दोन औषधे एकत्र केली, तर त्या मिश्रणाचे लेबल कोठेच नसते. पंप पाठीवर घेणाऱ्या मजुरापर्यंत मग पोहोचते ते केवळ विष.

यावरून व्यवस्थापनाचे तीन नियम निघतात. दुसऱ्या पात्रात ओतलेल्या पदार्थावर त्याच वेळी नाव, धोका व दिनांक मराठीत लिहावा; माहितीपत्रक कार्यालयाच्या कपाटात न ठेवता कामाच्या जागी ठेवावे; आणि ज्यास वाचता येत नाही त्यास ते समजावून सांगावे. आपल्या प्रयोगशाळाही यास अपवाद नाहीत. केवळ सूत्र लिहिलेली बाटली सहाध्यायास कळेल. ती धुणाऱ्या सेवकास कळणार नाही. माहिती पुरेशी आहे की नाही, हे त्या सेवकाच्या दृष्टीनेच ठरवावयास हवे.