गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही? भातपट्ट्यात नजरेआड राहणारा ‘सिलिॲक’ आजार समजून घ्या

गडचिरोली : मुलचेऱ्यासारख्या तालुक्यात मूल अशक्त दिसले, रक्त कमी निघाले, की सिकलसेल, मलेरिया, जंत, कुपोषण हीच कारणे आधी आठवतात. ते योग्यच आहे. पण त्यातून उत्तर मिळाले नाही, तर लहान आतड्याच्या ‘सिलिॲक’ आजाराचाही विचार व्हायला हवा.

नेमके काय होते?
गहू आणि जवामध्ये ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. काहींच्या शरीरात ते गेले की प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. अन्नरस शोषणारे अस्तर सपाट होते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. हा आजार संसर्गजन्य नाही.

भातपट्ट्यात दुर्मीळ का?
२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशातील २३ हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली. रक्तात या आजाराची प्रतिपिंडे (अँटीबॉडी) असण्याचे प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. आजाराला पूरक जनुके मात्र दोन्हीकडे एक तृतीयांशाहून अधिक लोकांत होती. फरक गव्हाचा होता : उत्तरेत रोज सरासरी ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५ ग्रॅम. म्हणजे जोखीम अंगात होती, ताटात गहू नव्हता. भात खाणाऱ्या घरांतही आता बिस्किटे, नूडल्स, पाव पोहोचले आहेत.

लक्षणे कोणती?
सततचे जुलाब, पोट फुगणे, मुलांची उंची-वजन न वाढणे. मोठ्यांमध्ये कधी कधी लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा ॲनिमिया एवढेच लक्षण असते.

तपासणी कशी होते?
आधी ‘टीटीजी’ ही रक्तचाचणी, नंतर गरजेनुसार एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासतात. तपासणीपूर्वी स्वतःहून गहू बंद करू नका. अहवाल चुकीने ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो.

उपचार काय?
ग्लुटेन आयुष्यभर बंद. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका चालतात. रवा, मैदा, शेवया टाळायच्या. बाजारातील अनेक हिंगांत गव्हाचे पीठ असते, त्यामुळे पाकीट वाचा. गिरणीत गव्हानंतर लगेच दळलेले ज्वारीचे पीठही चालत नाही.

घरात एकाला निदान झाले, तर आई-वडील, भावंडे आणि मुलांचीही रक्तचाचणी करून घ्यावी. त्यांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो.