आधी विचारा, मग द्या
लेखमाला : डोंगरावरील प्रवचन – लेखांक सातवा

गेल्या आठवड्यात आपण दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि स्वतःच्या डोळ्यातले मुसळ यांचा दृष्टान्त पाहिला. मत्तयाच्या त्याच सातव्या अध्यायात, बाराव्या वचनात, येशू सांगतो की लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसेच आपणही त्यांच्याशी वागावे. नियमशास्त्र आणि संदेष्टे यांचे सार एवढ्यात आले. ख्रिस्ती परंपरा याला सुवर्णनियम म्हणते. पाठ करायला तो इतका सोपा आहे, की पाठ झाला म्हणजे समजला असे वाटून जाते. माझ्या मते या नियमाची सुरुवात विचारण्यापासून होते. समोरच्याला काय हवे ते न विचारता केलेले भले हे बहुतेक वेळा आपल्याच आवडीचे भले असते.

हा विचार एकट्या ख्रिस्ती धर्माचा नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. स्वतःला जे प्रतिकूल वाटते ते दुसऱ्याशी करू नये, असे महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे. यहुदी गुरू हिल्लेल यांच्या नावेही तशीच शिकवण सांगितली जाते. तिथे भर टाळण्यावर आहे, येशूच्या सांगण्यात करण्यावर. आणि करण्याचा प्रश्न आला की पहिला आक्षेप उभा राहतो : माझी आवड वेगळी, शेजाऱ्याची वेगळी, मग मला हवे ते त्याच्या गळ्यात का मारायचे? याचे उत्तर त्याच अध्यायात, नियमाच्या अगदी आधीच्या ओळींत आहे. तिथला मुलगा भाकर मागतो, आणि कोणता बाप त्याला दगड देईल, असे येशू विचारतो. म्हणजे आधी मागणे ऐकायचे, मग द्यायचे. मार्काच्या दहाव्या अध्यायात आंधळा बार्तिमय समोर येतो, तेव्हा त्याला काय हवे ते उघड दिसत असते. तरी येशू त्यालाच विचारतो. आवडीनिवडी कितीही निराळ्या असोत, आपल्याबद्दलचा निर्णय आपल्याला न विचारता कोणी घेऊ नये, ही इच्छा सगळ्यांची सारखी असते. सुवर्णनियम या समान इच्छेवर उभा आहे.

महाराष्ट्रात याचा सर्वांत बोलका पुरावा पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडतो. इंग्लंडमध्ये वाँटेजच्या मठाच्या आश्रयाला असताना 1883 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्या आश्रयदात्यांसमोर कुठेही मान तुकवत नाहीत. आपण शाकाहारीच राहणार, आपल्याला न समजणारी लॅटिन अक्षरे असलेला क्रूस गळ्यात घालणार नाही, पटल्याशिवाय कोणताही सिद्धान्त मान्य करणार नाही, असे त्या ठामपणे लिहितात. आपल्या विवेकाला कोणी घाई करू नये, ही त्यांची मागणी होती. मग 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले, तेव्हा अधिकार त्यांच्या हाती आला. तिथे आलेल्या ब्राह्मण विधवांना आपल्या रीतीप्रमाणे सोवळ्यात स्वयंपाक करण्याची, आपले आचार पाळण्याची मुभा त्यांनी दिली. तिथेच शिकलेल्या गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या आणि हिंदूच राहिल्या. वाँटेजला स्वतःसाठी जे मागितले, तेच रमाबाईंनी इथे दुसऱ्यांना दिले. सुवर्णनियमाचे पालन याहून स्पष्ट कसे दिसणार?

इथे दुसरा, अधिक जड आक्षेप येतो. मला लाभलेली श्रद्धा हीच सर्वांत मोठी देणगी आहे असे मी मानतो, तर ती सर्वांना देणे हेच माझे नियमपालन नव्हे काय? 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहू लागला. वडील कोर्टात गेले, कोर्टाने मुलाचा ताबा त्यांना दिला. त्याला जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी विरोध सोसला. मिशनऱ्यांना मुलाच्या आत्म्याची काळजी होती, यात शंका नको. पण त्या वडिलांच्या जागी स्वतःला उभे करून पाहिले, की हेतू चांगला असणे पुरेसे नाही हे पटते. आपली मुले आपल्या पाठीमागे दुसऱ्या धर्मात नेलेली कोणत्या ख्रिस्ती घराला चालतील? शारदा सदनातही 1893 साली मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठले, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक मुली काढून घेतल्या गेल्या. श्रद्धा लपवू नये, हा रमाबाईंचा आग्रह योग्यच होता. तरीही ज्याचे अन्नवस्त्र आपल्या हाती आहे त्याचा होकार पुरता मोकळा असतो का, हा टीकाकारांचा प्रश्नही खरा होता. म्हणून देणाऱ्याचे बळ जितके मोठे, तितके त्याने विचारताना अधिक जपले पाहिजे. श्रद्धा सांगावी जरूर. पण नाही म्हणणाऱ्याचे ताट, औषध आणि शाळा तशीच चालू राहिली पाहिजे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. जग असे वागत नाही, मग एकट्याने का वागायचे? आपल्या हिंगोलीचा विचार केला तर हा आक्षेप थेट मोंढ्यात येऊन उभा राहतो. शेतकरी हळद काढतो, शिजवतो, वाळवतो, पॉलिश करतो आणि वाहन भरून हिंगोलीच्या बाजारात आणतो. मग लिलाव आणि काटा होईपर्यंत रांगेत थांबतो. त्याला हवे असते चोख वजन, कबूल केलेला भाव आणि वेळेवर रोख रक्कम. खरेदीदाराने क्षणभर त्या रांगेत स्वतःला कल्पिले, शेतकऱ्याने काढणीला आलेल्या बाईच्या मजुरीबाबत तसेच केले, तर कुणाचाही धंदा बुडत नाही. लूकच्या सहाव्या अध्यायात हाच नियम शत्रूवर प्रीती करण्याच्या शिकवणीमध्येच येतो आणि लगेच पुढे येशू म्हणतो की परतफेड करणाऱ्याशीच चांगले वागण्यात विशेष काही नाही. म्हणजे समोरचा तसाच वागेल ही अट या नियमाला नाहीच. मात्र याचा अर्थ अन्याय मुकाट सोसावा असा नव्हे. आपण चुकलो तर कोणीतरी तोंडावर सांगावे असे आपल्याला वाटते. तेवढेच आपणही दुसऱ्याला स्पष्ट, पण त्याचा मान राखून सांगावे.

हिंगोली जिल्ह्यात ख्रिस्ती माणसे थोडी आहेत. त्यामुळे त्यांचा हा नियम चर्चच्या बाकांवर कमी आणि हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढ्याच्या बाजारात, दवाखान्यात, शेताच्या बांधावर जास्त कसाला लागतो. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात आहे. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा इथे सर्वांना ठाऊक आहे. समोरच्याची गरज त्याच्या बाजूने पाहणे या मातीला नवे नाही. ख्रिस्ती माणसाने आपल्या प्रभूची आज्ञा म्हणून ते रोज करायचे आहे. या आठवड्यात ज्याचे भले करण्याचे मनात असेल, त्याला आधी विचारा आणि त्याचे उत्तर आपल्याला गैरसोयीचे असले तरी त्याप्रमाणे वागा. हे कठीण आहे, हे येशूलाही ठाऊक होते. म्हणूनच या वचनापाठोपाठ तो अरुंद दरवाजाबद्दल बोलतो. त्याविषयी पुढच्या लेखांकात.