ब्रॅडमन, वॉर्न, गिलख्रिस्ट : एकाच तराजूत कसे तोलायचे?

ऑस्ट्रेलियाचा आजवरचा सर्वांत मोठा क्रिकेटपटू कोण? हा प्रश्न घरात टाकून बघा, पिढीगणिक उत्तर बदलतं. आजोबा ब्रॅडमन म्हणतात. काका-मामांच्या मनात डेनिस लिली आणि ॲलन बॉर्डर असतात. माझ्या वयाची मंडळी वॉर्न, पाँटिंग, गिलख्रिस्टवर अडून बसतात आणि धाकटी भावंडं स्टीव्ह स्मिथ, पॅट कमिन्सची नावं घेतात. आपण शाळेत असताना जो खेळत होता तोच सगळ्यांत मोठा, असा हा साधा हिशोब असतो. प्रेम म्हणून तो ठीक आहे, पण तुलना म्हणून नाही.

माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं. दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेले आकडे तसेच शेजारी मांडायचे नाहीत, हा आमच्याकडचा पहिला धडा. आधी प्रत्येक आकडा त्याच्याच गटातल्या इतरांशी ताडून पाहायचा, मगच पुढे बोलायचं. क्रिकेटला हा नियम चपखल बसतो.

पाँटिंग १६८ कसोट्या खेळला, १३,३७८ धावा केल्या. ब्रॅडमनच्या नावावर ५२ कसोट्या आणि ६,९९६ धावा. नुसत्या धावा मोजल्या तर पाँटिंग जवळजवळ दुप्पट मोठा! पण ब्रॅडमनची १९२८ ते १९४८ ही कारकीर्द दुसऱ्या महायुद्धाने मधोमध कापली. हेल्मेट नव्हतं, इंग्लंडमध्ये खेळपट्टी पावसात भिजायची. याला दुसरी बाजूही आहे. १९३० च्या दशकात बऱ्याच खेळपट्ट्या फलंदाजांना धार्जिण्या होत्या आणि तेव्हाच्या पायचीतच्या नियमानुसार ऑफस्टंपच्या बाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवर बराच काळ फलंदाज बाद होत नसे. म्हणजे धावा तेव्हाही निघत होत्या.

मग त्या धावा इतरांना किती मिळाल्या? त्याच काळातल्या जॉर्ज हेडली आणि हर्बर्ट सटक्लिफ यांची सरासरी साठच्या जराशी वर, वॉली हॅमंडची ५८.४५. अलीकडच्या काळात ग्रेग चॅपेल ५३.८६, पाँटिंग ५१.८५, स्मिथ पंचावन्नच्या वर. दोन्ही काळांतल्या थोर फलंदाजांची उडी पन्नास-साठच्या घरातच संपते. ब्रॅडमन मात्र ९९.९४. त्याला रोखण्यासाठी इंग्लंडने १९३२-३३ मध्ये अंगावर मारा करणारी ‘बॉडीलाइन’ गोलंदाजी आणली, तेव्हा त्या मालिकेत त्याची सरासरी ५६.५७ पर्यंत घसरली. त्याची पडझड म्हणजे इतरांचं शिखर. फलंदाजीपुरता वाद इथे मिटतो.

याच ब्रॅडमनशी आपलं एक नातं आहे. जानेवारी १९४८ च्या ॲडलेड कसोटीत त्याने भारताविरुद्ध २०१ धावा केल्या आणि त्याचा त्रिफळा उडवला तो सांगलीत जन्मलेल्या, बडोद्याकडून खेळणाऱ्या विजय हजारे यांनी. त्याच सामन्यात हजारेंनी ११६ आणि १४५ अशी दोन शतकं ठोकली. भारत डावाने हरला, म्हणून ही कामगिरी आपल्याकडेही फारशी आठवली जात नाही.

गोलंदाजांकडे वळलं की गुंता वाढतो. शेन वॉर्नचे १४५ कसोट्यांत ७०८ बळी. क्लॅरी ग्रिमेटचे ३७ कसोट्यांत २१६, म्हणजे दर कसोटीला जवळजवळ सहा. वॉर्नचे पाचाच्या आत. पण ग्रिमेटच्या काळात ऑस्ट्रेलियातल्या कसोट्यांना दिवसांची मर्यादाच नव्हती, सामना निकाल लागेपर्यंत चाले. शिवाय वॉर्नला बळी वाटून घ्यायला शेजारी मॅकग्रा होता. ग्रिमेटचं दुर्दैव वेगळंच. १९३५-३६ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात त्याने पाच कसोट्यांत ४४ बळी घेतले आणि त्यानंतर त्याला एकदाही कसोटी खेळवलं नाही. आपल्याला वॉर्न आठवतो तो सचिनकडून मार खाताना. भारताविरुद्ध त्याची सरासरी ४७ च्या वर होती हे खरंच आहे. पण ॲशेसमध्ये त्याचे १९५ बळी आहेत. एकाच घराच्या खिडकीतून पाहिलं की सगळा माणूस दिसत नाही.

काही खेळाडू आकड्यांपेक्षा कामाची व्याख्या बदलतात. रॉड मार्श आणि ॲडम गिलख्रिस्ट, दोघेही यष्टिरक्षक, दोघेही बरोबर ९६ कसोट्या खेळले. मार्शची फलंदाजीची सरासरी २६.५१, गिलख्रिस्टची ४७.६०. २००१ मध्ये वानखेडेवर ऑस्ट्रेलिया ५ बाद ९९ असताना गिलख्रिस्टने ११२ चेंडूंत १२२ धावा केल्या आणि सामनाच फिरवला. म्हणून मार्श लहान ठरत नाही. त्याच्या काळात यष्टिरक्षकाकडे शतकं कुणी मागतच नव्हतं. गिलख्रिस्टनंतर मात्र प्रत्येक देश मागू लागला.

आणि आपल्या यादीत जी नावं येतच नाहीत त्यांचं काय? एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक सचिनने २०१० मध्ये ग्वाल्हेरला केलं, असं आपण सगळे सांगतो. पुरुषांमधलं पहिलं म्हणायला हवं. डिसेंबर १९९७ मध्ये, मुंबईतच, ऑस्ट्रेलियाची कर्णधार बेलिंडा क्लार्क विश्वचषकात डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा करून गेली होती. समोरचा संघ दुबळा होता हे कबूल, पण बारा वर्षांचं अंतर त्याने पुसलं जात नाही. तिची कारकिर्दीतली सरासरी ४७.४९ आहे, त्या काळातल्या बहुतेक पुरुष सलामीवीरांना हेवा वाटावा अशी.

माझं उत्तर विचाराल तर फलंदाज ब्रॅडमन, गोलंदाज वॉर्न, खेळ बदलणारा गिलख्रिस्ट, आणि यादीत बेलिंडा क्लार्क हवीच. तुमचं वेगळं असेल आणि असावंच. फक्त पुढच्या वेळी वाद रंगला की तीन गोष्टी विचारा : तो किंवा ती आपल्या काळातल्या इतरांपेक्षा किती पुढे होती? कोणत्या परिस्थितीत खेळली? आणि त्यांच्यानंतर खेळ किती बदलला? एवढं केलं तरी आजोबांचा ब्रॅडमन आणि धाकट्या बहिणीचा कमिन्स एकाच टेबलावर बसू शकतील. ‘आमच्या वेळचे खरे’ किंवा ‘जुने आज टिकलेच नसते’ ही दोन वाक्यं तेवढी बाजूला ठेवा; त्यांच्यामुळेच बोलणं तिथल्या तिथे संपतं.