नगर जिल्ह्यातल्या जातीचा सातबारा

नगर जिल्ह्यातल्या जातीविषयी लिहायला बसलेले बहुतेक जण मिशनच्या बंगल्यापासून सुरुवात करतात. १८३१मध्ये आलेले अमेरिकन मराठी मिशन, १८४२चा ‘ज्ञानोदय’, सिंथिया फॅरारबाईंची मुलींची शाळा आणि ती पाहून गेलेले जोतीराव, पुढे ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई. हे सगळे सर्वांना तोंडपाठ आहे. त्यावर आणखी शाई नको.

खरे दुखणे जमिनीचे. शिक्षण पसरले की जात आपोआप विरघळेल, असे वर्षानुवर्षे व्यासपीठावरून सांगणाऱ्या विद्वानांनी एकदा महार वतनाचे दप्तर उघडून पाहावे. सरकारी वसूल तालुक्याला पोचवायचा, चोराचा माग काढायचा, मयताची खबर परगावी न्यायची, मेलेले ढोर ओढायचे. येसकराची पाळी असलेल्याने तिन्हीसांजेला खांद्यावर घोंगडी टाकून, घुंगराची काठी आपटत दारोदार भाकरी मागायची. बदल्यात इनामाचा तुकडा. तोही भाऊबंदांच्या वाटण्यांत चिंधी चिंधी झालेला. १८७४च्या कायद्याने या पिढीजात चाकरीवर सरकारी शिक्का उमटवला.

१९२८मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते तडीस गेले नाही. मग १६ डिसेंबर १९३९ रोजी हरेगावला परिषद भरली. हरेगाव म्हणजे श्रीरामपूरजवळचे बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याचे गाव. सरकारने वतनी जमिनींवरची जुडी वाढवली होती, म्हणजे राबणूक तीच आणि वर सारा जास्त. डॉ. आंबेडकरांच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर ग्रंथामागून ग्रंथ येतात, ते यावेतच. पण महार आणि मांग वतनदार एका मांडवात बसवून सारा आणि पोटगीचा हिशेब मागणाऱ्या या परिषदेची बोळवण त्यांचे चरित्रकार दोन-चार ओळींत करतात. प्रस्तुत लेखकाला हा अन्याय वाटत आला आहे.

वतने गेली ती १९५८च्या कायद्याने. आकाराच्या तिप्पट रक्कम भरून जमीन परत मिळाली, पण नव्या अविभाज्य शर्तीवर. विकायची तर कलेक्टरची परवानगी हवी. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ला आले, शहरी वाचक हादरला, आणि चर्चा साहित्याकडे वळली ती वळलीच. साहित्याशी वैर नाही. पण जमिनीची मागणी मागे पडली आणि पुतळे व नामफलक पुढे आले.

आज काय? त्याच हरेगावात ऑगस्ट २०२३मध्ये शेळी-कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित मुलांना झाडाला उलटे टांगून मारल्याची बातमी आली. त्याआधी एप्रिल २०१४मध्ये जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात वरच्या जातीच्या मुलीशी बोलल्याच्या संशयावरून एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. खटल्यात साक्षीदार फिरले, आणि नोव्हेंबर २०१७मध्ये आरोपी सुटले. साक्षीदार भित्रे, असे म्हणणे सोपे आहे. पण गावात राहणाऱ्याला रोजगार गावातूनच मिळवायचा असतो, जनावरे दुसऱ्याच्या बांधावरूनच न्यायची असतात. स्वतःची दोन एकर ओलिताची जमीन असलेला साक्षीदार कोर्टात काय बोलला असता, हा प्रश्न परिसंवादांत कुणी विचारत नाही.