मावळच्या वाटा आणि टायरची निवड

साहसी मोटरसायकलच्या टायरबद्दल बोलणं निघालं की पहिला शब्द येतो चिखल. मावळापुरतं बोलायचं तर सुरुवात दगडापासून करावी लागते. वडगावपासून लोणावळ्यापर्यंत आणि तिथून पवनेच्या पाण्यापर्यंतची सगळी जमीन काळ्या बेसॉल्टवर बसली आहे. वरचा मातीचा थर पातळ आहे आणि उतारावर तर तो ठरतच नाही. राजमाचीच्या वाटेवर किंवा अंदर मावळात खांडीच्या पुढे जो चिखल लागतो, तो बहुतेक जागी वीतभरही खोल नसतो आणि त्याच्याखाली धारदार कडांचे धोंडे असतात. इथे चाक रुतण्यापेक्षा आपटतं जास्त. भाताच्या खाचरात चिखल खोल असेल, पण ती कुणाची तरी शेती आहे. तिथे गाडीचं कामच नाही.

पावसाचं गणितही या तालुक्यात वेगळं आहे. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि पुणे शहराला सातशेच्या आसपास. दोन्हींमधलं अंतर साधारण ६५ किलोमीटर. जुलैच्या सकाळी शिवाजीनगरहून कोरड्या रस्त्यावर निघालेला माणूस कामशेत मागे टाकतो तेव्हा त्याच्या चाकाखालचा रस्ता पार बदललेला असतो, टायर मात्र तोच असतो.

आता प्रत्यक्ष प्रवासाची बेरीज करून बघा. द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे, म्हणून सगळी वाहतूक जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने येते. मुंबईकडून येणारा शिंग्रोबाचा घाट चढून वर येतो. पुण्याहून लोणावळा जाऊन-येऊन १३० किलोमीटर. लोणावळ्याहून तुंगार्ली मार्गे राजमाचीच्या पायथ्याची उधेवाडी साधारण १६, म्हणजे जाऊन-येऊन ३२. या भागातली सगळ्यात कच्ची म्हणून नावाजलेली वाट धरली तरी पाचातले चार भाग डांबर आणि एक भाग दगडमाती. तुंग-तिकोन्याकडे जाणाऱ्याचा कच्चा भाग तर आणखी कमी: आंबी व्हॅलीच्या रस्त्याने घुसळखांब आणि तिथून जवणकडे उतरताना बहुतेक ठिकाणी डांबर आहे, फक्त कुठे उखडलेलं, कुठे खडी टाकून ठेवलेलं. लोहगडवाडीला भाजे बाजूने चढतानाही तेच. टायर निवडताना हा हिशेब आधी मांडावा, असं माझं ठाम मत आहे. राजमाचीचा चढ माणसाच्या लक्षात राहतो, कारण तिथे घाम निघतो. पण धोका जास्त वेळ सोबत असतो तो ओल्या डांबरावर.

साहसी गाड्या आपल्याकडे आल्या त्याला फार काळ झालेला नाही. हिरोने २०११ मध्ये 'इम्पल्स' आणली, पुढे १९ इंची चाक आणि दीडशे सीसीचं इंजिन. गाडी काळाच्या थोडी आधी आली आणि बंदही झाली. रॉयल एन्फिल्डची 'हिमालयन' २०१६ मध्ये आली आणि २१ इंची पुढचं चाक सर्वसामान्य स्वाराच्या दारात आलं. २०१९ मध्ये 'एक्सपल्स २००' आली, २०२० च्या सुरुवातीला केटीएमची '३९० अॅडव्हेंचर'. ती तर इथून हाकेच्या अंतरावर, चाकणला बजाजच्या कारखान्यात बनते. आता जुलैच्या रविवारी लोणावळ्याच्या बाजारात या गाड्यांची रांग लागते.

त्याआधी या वाटांवर कोण फिरत होतं? दूधवाले. नाणे मावळातून, पवन मावळातून पहाटे कॅन लावून निघणाऱ्या साध्या शंभर सीसीच्या गाड्या. त्यांच्या मागच्या चाकाला बटण टायर आणि पुढे साधा उभ्या रेघांचा. हे लोक जांभिवलीच्या, खांडीच्या वाटेने पावसाळाभर रोज जातात आणि दुपारपर्यंत दूध घालून परत येतात. त्यांना गाडीला साहसी म्हणावंसं वाटलं नाही, पण टायर त्यांनी वाटेला बघूनच निवडला. बजाजने पुढे 'सीटी ११०' ला कारखान्यातूनच थोडे बटणाचे टायर दिले, ते याच गिऱ्हाइकाला ओळखून. गाडी महाग असण्यापेक्षा टायर वाटेशी जुळणं महत्त्वाचं, हे मावळातल्या दूधवाल्याने फार आधी सिद्ध केलं आहे, आणि त्याबद्दल त्याला मान द्यायला हवा.

बाजारात टायर टक्केवारीने विकले जातात: ९०-१०, ८०-२०, ५०-५०. पहिला आकडा डांबराचा, दुसरा कच्च्याचा. ही टक्केवारी कुठल्याही सरकारी मानकात नाही, ती कंपनीने स्वतः ठरवलेली असते. एका कंपनीचा ७०-३० आणि दुसरीचा ५०-५० शेजारी ठेवले तर नक्षीत फारसा फरक न दिसण्याचीही शक्यता असते. म्हणून आकडा बाजूला ठेवून टायर हातात घ्यावा आणि नीट बघावा. मधल्या पट्टीतले रबराचे गट्टू एकमेकांना जवळ आहेत का? कडेचे सुटे आहेत का? गट्टू अंगठ्याने ढकलला तर किती वाकतो? डांबरावर सरळ जाताना आणि ब्रेक मारताना काम करते ती मधली पट्टी. तिथे रबर जितकं सलग, तितका रस्त्याशी संपर्क जास्त. सुट्या, उंच गट्टूंच्या टायरचा रस्त्याला लागणारा भाग कमी असतो, आणि वळणात गाडी झुकली की गट्टू वाकतात, त्यामुळे गाडी डचमळल्यासारखी वाटते. ओल्या डांबरावर ब्रेकचं अंतर वाढतं. शिवाय तो मागचा टायर महामार्गावर लवकर झिजतो. पुण्याहून लोणावळा गाठेपर्यंतच त्याचं अर्धं आयुष्य खर्च होत असेल, तर तो टायर नेमका कशासाठी घेतला?

मावळातल्या ओल्या रस्त्याच्या तीन जागा मला सगळ्यात धोक्याच्या वाटतात. पहिली म्हणजे घाटातलं डांबर, पहिल्या एक-दोन पावसांत. वर्षभर ट्रकांनी सांडलेलं तेल आणि टायरांची झिजलेली पूड पाण्यावर तरंगून वर येते. दुसरी म्हणजे ओढ्यावरच्या फरश्या आणि झाडाखालचे सिमेंटचे रस्ते. ऑगस्टपर्यंत त्यांच्यावर शेवाळाचा हिरवा थर येतो, आणि त्यावर जगातला कुठलाही टायर धरत नाही. तिथे ब्रेक न लावता, वळण न घेता, सरळ आणि सावकाश पार व्हायचं. तिसरी जागा बाहेरून येणाऱ्याला ठाऊकच नसते. लावणीच्या दिवसांत चिखलणी करून ट्रॅक्टर खाचरातून डांबरावर येतो आणि त्याच्या चाकांना लागलेला चिकण पन्नास-शंभर मीटर रस्त्यावर पसरतो. वळणाच्या पलीकडे तो अचानक समोर येतो. वडगावच्या भात संशोधन केंद्रातून निघालेला इंद्रायणी तांदूळ आपण आवडीने खातो, तो याच चिखलातून येतो. तक्रारीला जागा नाही, वेग कमी करायला आहे.

या तीनपैकी फक्त तिसऱ्या जागी सुटे गट्टू थोडी मदत करतात. पहिल्या जागी रबराचा दर्जा, मधली सलग पट्टी आणि पाणी बाहेर टाकणाऱ्या खाचा कामाला येतात, आणि दुसऱ्या जागी टायर कुठलाही असो, सावकाशपणाच.

मग दगडाचं काय? इथे नक्षीपेक्षा टायरचं अंग महत्त्वाचं. बाजूची भिंत किती जाड, आत दोऱ्यांचे थर किती, यावर राजमाचीच्या धोंड्यांतून टायर साबूत परत येतो की नाही ते ठरतं. साइडवॉलवरचा भार निर्देशांक वाचायची सवय लावावी: ५४ म्हणजे २१२ किलो, ६६ म्हणजे ३०० किलो. मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना पेट्या लावून फिरणाऱ्याने हा आकडा बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

हवेबद्दल जरा विस्ताराने सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त चुकीचा सल्ला इथेच मिळतो. कच्च्या वाटेवर हवा कमी करा, हे खरं आहे. टायर पसरतो, दगडावर बसतो, उडत नाही. पण पंधरा पीएसआयपर्यंत उतरवण्याचा सल्ला वाळवंटातून आणि दलदलीतून आलेला आहे. धारदार बेसॉल्टवर इतक्या कमी हवेने काय होतं? स्पोकच्या चाकात ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये सापडते आणि तिला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. अलॉयच्या ट्यूबलेस चाकात रिमची कड वाकते आणि टायर रिमवर बसतो तिथून हवा गळायला लागते. पुढे बावीस-चोवीस, मागे त्याहून दोन-तीन जास्त, याच्या खाली मावळात उतरायचं कारण मला दिसत नाही. आणि परत डांबरावर आल्यावर कंपनीने सांगितलेली हवा पुन्हा भरलीच पाहिजे. कमी हवेच्या टायरवर महामार्गाने पुणं गाठणं म्हणजे टायर आतून तापवणं. त्यासाठी छोटा बारा व्होल्टचा पंप आणि स्वतःचा गेज जवळ हवा. पेट्रोल पंपावरच्या गेजवर अवलंबून राहू नये.

ट्यूब की ट्यूबलेस, हा वाद वाटेवरच सुटतो. ट्यूबलेसला खिळा लागला तर पट्टी घालून पाच-दहा मिनिटांत पुढे जाता येतं. ट्यूबवाल्याला चाक काढावं लागतं, पण त्याचं स्पोकचं चाक दगडाचा मार सोसतं आणि वाकलं तरी आरे ओढून सरळ करता येतं. 'हिमालयन'च्या ४५० सीसीच्या गाडीला आता ट्यूबलेस स्पोकची चाकंही मिळतात, आणि मावळासारख्या भागाला तोच मेळ सगळ्यात चांगला. ज्यांच्याकडे ट्यूब आहे त्यांनी २१ इंची ट्यूब स्वतः बाळगावी. टाकव्याच्या किंवा पवनानगरच्या पंक्चरवाल्याकडे सतरा-अठराची ट्यूब मिळेल, एकवीसची मिळेलच असं नाही. अडचणीला पुढची ट्यूब मागच्या चाकात घालून घरापर्यंत येता येतं, उलटं जमत नाही.

माप बदलायचा मोह टाळावा. जुन्या 'हिमालयन'चं माप पुढे ९०/९०-२१, मागे १२०/९०-१७. 'एक्सपल्स'चं मागचं १८ इंची आहे, आणि बटणाच्या टायरांत १८ मध्ये निवड जास्त मिळते. मोठा दिसावा म्हणून मागे दोन मापं रुंद टायर बसवला की तो अरुंद रिमवर गोलाकार फुगतो, मधली पट्टी उंच होते, चेन घासायचा धोका येतो आणि गाडी वळायला जड होते.

दहा वर्षांपूर्वी चांगला टायर म्हणजे परदेशी, असं समीकरण होतं. '३९०' सुद्धा सुरुवातीला मेट्झेलरचे 'टुरन्स' घालून आली. जून २०२० मध्ये केंद्राने टायरांच्या आयातीवर निर्बंध घातले, परदेशी माल दुर्मीळ झाला, आणि दरम्यान देशी कंपन्यांनी हा वर्ग मनावर घेतला. सिएटचे 'ग्रिप' मालिकेतले टायर 'हिमालयन'वर कारखान्यातूनच येतात; या कंपनीचा दुचाकी टायरांचा कारखाना नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. एमआरएफचे 'मोग्रिप मिटिऑर', अपोलोचे 'ट्रॅम्पलर', राइझेचे 'ट्रेलआर' हे सगळे आता पुण्याच्या कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतात. मावळाच्या कामाला यांच्यातला मधल्या प्रकारचा टायर पुरेसा आहे. परदेशी टायरसाठी कितीतरी पट पैसे मोजायची गरज नाही. घेताना आयएसआय चिन्ह बघावं आणि चार अंकी तारीख वाचावी. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेलं रबर कडक झालेलं असतं, नक्षी कितीही नवी दिसली तरी.

एक गोष्ट टायरच्या दुकानात कुणी सांगत नाही. उंच गट्टूंचा टायर आणि जोरात पिळलेला थ्रॉटल हे दोन्ही एकत्र आले की उतारावरची माती खरवडली जाते. चार हजार मिलिमीटरांचा पाऊस त्या खरवडीतून वाहतो आणि एका मोसमात तिची घळ होते. ज्या गाडीवाटेने उधेवाडीची माणसं बाजाराला आणि आजारी माणसाला घेऊन लोणावळ्याला येतात, तिचंच हे नुकसान आहे. वाट सोडून सड्यावर गाडी घालणं तर त्याहून वाईट: तिथलं गवत आणि सात वर्षांनी एकदा फुलणारी कारवी चाकाखाली जाते. शेताच्या बांधावरून गाडी नेणं म्हणजे कुणाचं तरी पाणी सोडून देणं. मध्यम नक्षीचा टायर, थोडी कमी हवा आणि दुसऱ्या गिअरमध्ये शांतपणे चढणारी गाडी तीच वाट माती न उकरता पार करते. साहसी मोटरसायकल घेणाऱ्या प्रत्येकाने टायर निवडताना ही गोष्ट हिशेबात धरावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वाहत्या पाण्यापुढे तर टायरचा विषयच संपतो. जून २०२४ मध्ये भुशी धरणाच्या वरच्या बाजूला एकाच कुटुंबातली पाच माणसं ओढ्याच्या लोंढ्यात गेली. फरशीवरून गुडघ्याइतकं पाणी जात असेल तर अलीकडेच थांबायचं.

हा अंक हातात येईल तेव्हा मावळात भातकापणी चालू असेल, वाटा वाळायला लागल्या असतील, आणि दसऱ्याला घेतलेल्या कितीतरी गाड्या पहिल्या मोठ्या फेरीची वाट बघत असतील. नव्या मालकाने लगेच टायर बदलू नये. गाडीबरोबर आलेल्या टायरवर हिवाळा आणि उन्हाळा काढावा, आपण खरंच किती कच्च्यात जातो ते बघावं, आणि मे महिन्यात निर्णय घ्यावा. जास्त कच्च्यात जाणाऱ्याने आधी पुढचा टायर थोडा मोकळ्या गट्टूंचा घ्यावा: पुढचं चाक घसरलं की माणूस पडतोच, मागचं घसरलं तर सावरता येतं, आणि पुढचा झिजतोही सावकाश. मात्र अशा टायरवर ओल्या घाटात पुढचा ब्रेक हळू, आधीपासून लावायची सवय करावी लागते. पुढे-मागे वेगळी नक्षी घालताना दोन्हींची बांधणी एकाच जातीची ठेवावी, एक रेडियल आणि एक साधा असं करू नये. कायद्याने दुचाकीच्या नक्षीची खोली ०.८ मिलिमीटर राहिली तरी टायर चालतो. लोणावळ्याच्या पावसाला मी दोन मिलिमीटरांच्या खालचा टायर घेऊन जाणार नाही. नवा बसवल्यावर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर कोरड्यात, सावकाश चालवावेत, म्हणजे साच्यातला गुळगुळीत थर निघून जातो. म्हणून टायर जूनच्या पहिल्या पावसाच्या आदल्या दिवशी न बसवता मेच्या मध्यावर बसवावा.