खोक्यातली बाहुली आणि तिची साडी

बाहुली म्हटली की आपल्याकडे पूर्वीपासून दोन रूपे डोळ्यांपुढे उभी राहतात. एक सावंतवाडीची लाकडी ठकी आणि दुसरी आजीने जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबून शिवलेली कापडी बाहुली. ठकीचे लुगडे तिच्या अंगावर रंगवलेलेच असते, ते उतरवण्याचा प्रश्नच नाही. चिंध्यांच्या बाहुलीचे अंग आणि वस्त्र एकाच कापडाचे. कपडे बदलता यावेत एवढ्यासाठीच जिचे शरीर घडवलेले आहे, अशी बाहुली आपल्याकडे उशिरा आली. या तिसऱ्या जातीच्या बाहुलीची पारख कशी करावी, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. विषय पोरकट वाटेल, पण त्यात शिवणकाम आहे, रसायनशास्त्र आहे आणि थोडे गणितही आहे.

या जातीची सर्वांत प्रसिद्ध बाहुली म्हणजे बार्बी. १९५५ साली जर्मनीत ‘बिल्ड लिली’ नावाची, एका वृत्तपत्रातील व्यंगचित्रावरून घडवलेली बाहुली निघाली होती. युरोपच्या प्रवासात ती रूथ हँडलर या अमेरिकन बाईंच्या नजरेस पडली. आपल्या बार्बरा या मुलीच्या नावावरून त्यांनी नव्या बाहुलीचे नाव ठेवले आणि ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळणी-प्रदर्शनात ती मांडली गेली. किंमत तीन डॉलर. अंगात काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा पोहण्याचा पोषाख. तिचे कपडे शार्लट जॉन्सन या बाईंनी बेतले होते आणि ते जपानात शिवून घेतले जात. भारतात ही बाहुली १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘लिओ’ खेळण्यांच्या कंपनीशी झालेल्या सहकार्यातून आली, आणि पुढे तिला साडी नेसवून, कपाळी टिकली लावूनही विकण्यात आले.

अशीच साडीतली एक बाहुली कात्रपला माझ्या मावशीच्या घरी तीस वर्षे खोक्यात बंद होती. मावशी लहान असताना तिच्या मामाने ती वाढदिवसाला आणली. आजीने ती खोक्यासकट शोकेसमध्ये ठेवली. “महागाची वस्तू आहे, हात लावायचा नाही,” एवढ्या एका वाक्यावर मावशीचे बालपण त्या बाहुलीपुरते संपले. गेल्या वर्षी इमारत पुनर्विकासाला गेली, सामान आवरताना खोका खाली आला, आणि घरात दोन पक्ष पडले. माझा मामेभाऊ म्हणाला, “मावशी, उघडू नकोस. बंद खोक्याला लाखांची किंमत असते.” मावशी काहीच बोलली नाही, फक्त फडक्याने खोक्यावरची धूळ पुसत राहिली.

मामेभावाचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. संग्राहकांच्या जगात न उघडलेल्या खोक्याला मान असतो, आणि १९५९ च्या पहिल्या बाहुल्या आज हजारो डॉलरना जातात. परंतु पहिली बाहुली ओळखण्याच्या खुणा वेगळ्या आहेत. तिच्या तळपायांना भोके असतात व त्यांत तांब्याच्या नळ्या बसवलेल्या असतात, कारण तिची बैठक खिळ्यांची होती. तिची बुबुळे पांढरी असतात. पुढे ज्या बाहुल्या लाखोंच्या संख्येने निघाल्या, त्यांना केवळ जुन्या म्हणून फारसे मोल येत नाही.

इथेच बहुतेकांची फसगत होते ती पाठीवरच्या आकड्याने. बाहुलीच्या पाठीवर खाली ‘१९६६’ असे उठवलेले असते, आणि मालकाला आनंदाचे भरते येते. वास्तविक ते साल बाहुलीच्या जन्माचे नसून, त्या साच्याच्या हक्कनोंदणीचे आहे. कमरेत वळणारे शरीर १९६७ साली बाजारात आले. त्याच्या साच्यावर १९६६ हा आकडा होता, आणि तोच पुढे १९९० च्या दशकापर्यंतच्या बाहुल्यांवर उमटत राहिला. मानेच्या मागे, केसांखाली ‘१९७६’ दिसले तर तेही चेहऱ्याच्या साच्याचे साल. जवळच देशाचे नाव असते. आपली बाहुली कुठल्या काळातली, हे ठरवायला तेच अधिक उपयोगी पडते.

आता खोका उघडण्याविषयी. तो नेहमी मागून किंवा खालून उघडावा, पुढच्या पारदर्शक कागदाला धक्का लावू नये. आतल्या पुठ्ठ्याला बाहुली दोऱ्याने, रबराने आणि कधीकधी डोक्यात टोचलेल्या प्लास्टिकच्या बारीक खुंटीने जखडलेली असते. ही बंधने पुठ्ठ्याच्या पाठीमागून कात्रीने कापायची, पुढून ओढायची नाहीत. ओढले की केसांचा झुपका हातात येतो. रबर जुने झाले की चिकट होते व अंगाला डाग पाडते, म्हणून ते प्रथम काढावे. बाहुलीचे अंग नरम राहावे म्हणून प्लास्टिकमध्ये तेलकट द्रव्य मिसळलेले असते. वर्षानुवर्षांनी ते पृष्ठभागावर येते, पाय चिकट लागतात, धूळ धरते. तांब्यापितळेची कर्णफुले असली तर कानाभोवती हिरवा डाग पडतो. गडद कापडाचा रंग मांड्यांवर उतरतो. बदलापूरच्या पावसाळ्यात पुठ्ठ्याला बुरशी आणि कसर लागते ती वेगळीच. तिच्यावर उपाय म्हणून लोक डांबराच्या गोळ्या टाकतात. प्लास्टिकपाशी त्या मुळीच ठेवू नयेत, त्यांच्या वाफेने ते मऊ पडू शकते.

पण पारखीचे खरे स्थान कपडे. माझ्या मते चेहऱ्यावर भाळणारा माणूस बाहुलीचा पारखी होऊच शकत नाही. पोषाख हातात आला की प्रथम उलटा करावा. दुमड शिवलेली आहे की कापड नुसतेच कापून सोडले आहे? अस्तर आहे का? बंद करण्याची सोय कशी आहे? १९६० च्या दशकातल्या कपड्यांना बारीक टिचबटणे, खऱ्या धातूच्या चिमुकल्या चेन आणि आतून शिवलेली नावाची चिठ्ठी आढळते. पुढे वेल्क्रो आले आणि शिवणकाम झटपट झाले.

यामागे एक गणित आहे. बाहुली साडेअकरा इंच उंच, म्हणजे माणसाच्या एक-षष्ठांश. सहाने गुणले तर पाच फूट नऊ इंचांची बाई होते. लांबी-रुंदी सहापट लहान करता येते, कापडाची जाडी मात्र तशी करता येत नाही. आपल्या परकराच्या नेफ्यात कापडाचे तीनचार थर येतात, ते आपल्याला जाणवत नाहीत. तेच थर बाहुलीच्या कमरेवर सहापट जाड भासतात. तिची कमर इतकी बारीक का, याचे एक कारण हेच. वर कपडा चढला की ती मापात यावी. मुलींनी मात्र ती कमर आपल्या देहाशी ताडून पाहिली, आणि त्यावरून झालेली टीका रास्तच होती. ज्याचे माप कापडासाठी घेतले, ते शरीराचे माप म्हणून कोणी का मानावे!

साडीच्या बाबतीत हे गणित फारच अवघड होते. नऊवारीची लांबी ३२४ इंच. सहाने भागली की ५४ इंच, म्हणजे दीड वार. रुंदी साधारण आठ इंच. तीन इंचांचा काठ अर्ध्या इंचाचा व्हायला हवा. एवढे सारे माप बरोबर घेऊन नेसवले, तरी निऱ्यांचा ओचा पोटावर गाठोड्यासारखा येतो आणि काष्टा मागे खोचायला जागाच उरत नाही. शिवाय कापडाला वजन नसल्याने निऱ्या खाली न पडता फुगून राहतात. म्हणूनच कारखान्यात साडी नेसवत नाहीत, तर शिवतात. निऱ्या दाबून शिवलेला परकर, त्याला जोडलेला पदर आणि मागे एक टिचबटण. दुरून साडी, जवळून झगा. अशा साडीची पारख निऱ्यांच्या टाक्यांवरून आणि काठाच्या प्रमाणावरून करावी. पुष्कळदा माणसांच्या साडीची जरीची फीत तशीच लावलेली असते आणि बिचारी बाहुली काठातच बुडून जाते.

मावशीने अखेर एका रविवारी खोका उघडला. मामेभावाने पाठीवरचा आकडा वाचला, भारताचे नाव वाचले आणि लाखांचा विषय पुन्हा काढला नाही. साडी शिवलेलीच निघाली. उजेडाकडची बाजू फिकी पडली होती, पण निऱ्यांच्या आत मूळचा लाल रंग तस्साच होता. तो पाहून मावशी बराच वेळ निरी बोटांत धरून बसली. मग म्हणाली, “अगं, हिला खरी नेसवायची.”

उल्हासनगरच्या जपानी बाजारातून आणलेले कापड जाड पडले. शेवटी आजीच्या विरलेल्या मलमलीच्या लुगड्यातून दीड वाराची पट्टी निघाली. धुऊन धुऊन ते कापड इतके पातळ झाले होते की निऱ्या आपोआप खाली बसल्या. निऱ्यांमध्ये मावशीने पाण्याचा हात फिरवला, रात्रभर सुती दोऱ्याने सैलसर बांधून ठेवले, आणि काष्ट्याच्या जागी कापडाची अर्धी रुंदी तिरपी कापून एक थर कमी केला. काष्टा बसला. बाहुलीचे टाचा उचललेले पाय नऊवारीखाली विचित्र दिसतात खरे, आणि आधाराशिवाय ती उभीही राहत नाही. सध्या ती शिवणयंत्राच्या खणावर भिंतीला टेकून असते, आणि शेजारची लहान मुलगी येते तेव्हा तिला ती हातात मिळते.